बापाचा रंधा हातात धरून फोटो काढलेल्या गॅरेजवाल्याचं मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,

सप्रेम नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. कारागिरांच्या विश्वकर्मा योजनेच्या ह्या एका कामासाठी मी चार ठिकाणी फिरलो. पहिले म्हणे उद्योगवाल्यांकडे जा, उद्योगवाले म्हणे हे कौशल्यवाल्यांचं, तिथले बाबू म्हणे ही तर केंद्राची स्कीम आमच्या हातात काही नाही, अन बँकेतल्या मॅडमनी मान वर न करता सांगितलं की आधी मंजूर होऊन या. तेव्हा ज्या साहेबांना हे पत्र आपलं वाटेल त्यांनी घ्यावं. कुणालाच नाही वाटलं तरी आता मला नवल नाही.

मी मोटरसायकल मेकॅनिक. जळगाव जिल्ह्यात एरंडोल-पारोळ्याच्या पट्ट्यात हायवेला एक फाटा आहे, तिथं पत्र्याचं गॅरेज आहे माझं, बावीस वर्षं झाली. गावात मला माझ्या नावानं कुणी ओळखत नाही, सगळे मिस्तरीच म्हणतात, बायकोच्या माहेरचे पण.

साहेब, गेल्या वर्षी आखाजीच्या आधी तुम्ही आमच्याकडं मेळाव्याला आला होता. मी गॅरेज बंद करून आलो होतो, ऊन असं की मांडवात बसून पण चटके, तरी बसलो. तुम्ही स्टेजवरून विश्वकर्मा योजना समजावून सांगितली, पंधरा हजाराचं टूलकिट, ट्रेनिंगचे रोज पाचशे, पहिले एक लाख मग दोन लाख कर्ज, व्याज फक्त पाच टक्के. अन शेवटी म्हणाला की हातानं काम करणारा एकपण माणूस सुटणार नाही, आमचे गॅरेजवाले भाऊसुद्धा. गॅरेजवाले हा शब्द तुमच्या तोंडून आला तेव्हा पहिली टाळी मी वाजवली. बाजूच्याने वळून बघितलं होतं एवढ्या जोरात.

मग मी सीएससी सेंटरवर गेलो, सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देतात तिथं. तिथला पोरगा ओळखीचा, त्याची पल्सर माझ्याकडंच असते. आधार लावलं, अंगठा लावला, (अंगठा तीनदा लागला नाही कारण ग्रीसनं रेषाच उरल्या नाहीत, हे वेगळं) मग धंदा निवडायचा रकाना आला. त्यानं यादी खाली सरकवली, वर सरकवली, परत खाली. म्हणे, "आप्पा, यादीमा गॅरेज नई शे."

अठरा धंदे आहेत त्या यादीत साहेब, मी सगळे वाचलेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी, मूर्तिकार, हार-माळा करणारे, टोपल्या-झाडू वळणारे, खेळणी बनवणारे, कुलूपवाले, हातोडे-अवजारं बनवणारे, मासे पकडायची जाळी विणणारे, होड्या बांधणारे, शस्त्रं बनवणारे. कुणाचंही वाईट नाही, सगळ्यांना मिळू द्या, समोरच्या न्हावीदादाला मिळालं तेव्हा मी स्वतः पेढा खाल्ला. पण साहेब, आमच्या तालुक्यात शस्त्रं बनवणारा तुम्हाला सापडला तर मला पण दाखवा. अन मोटरसायकल दुरुस्त करणारा सापडत नाही का? आमच्या फाट्यापासून पारोळ्यापर्यंत मी एकदा मोजले होते, सव्वीस गॅरेज भरले, एखाद-दुसरं इकडंतिकडं.

तर तो पोरगा म्हणाला, "सुतार टाकू का? तुम्ही सुतारच ना." जातीनं सुतारच आहे मी, खोटं नाही. माझा बाप बैलगाडीची चाकं करायचा. बाभळीच्या लाकडाची चाकं, त्यावर लोखंडी धाव चढवायची तेव्हा अर्धी गल्ली जमायची बघायला. मग गाड्यांना टायरची चाकं आली, मग ट्रॅक्टर आले, अन बापाच्या हाताला काम उरलं नाही. त्यानंच मला धुळ्याला एका उस्तादाकडं ठेवलं, म्हणाला की चाकाचंच काम कर पण रबराच्या. म्हणजे काळ ओळखून आम्ही धंदा बदलला ही आमची चूक झाली. बाप असता तर यादीत पहिल्या नंबरला असता, पोरगा यादीच्या बाहेर.

मोह झाला साहेब. पंधरा हजाराचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. म्हटलं टाक सुतार. मग कुणीतरी सांगितलं की अवजारांसोबत फोटो असला तर पडताळणीला बरं पडतं. घरी येऊन माळ्यावर चढलो, बापाचा रंधा शोधला. लाकडाला वाळवी लागलेली, पातं गंजलेलं, हातात घेतला तर एक कोपरा तसाच भुगा होऊन खाली पडला. आई खालून बघत होती. म्हणाली, "तुना बापना रंधा काय फोटोसाठे शे का?" मी काही बोललो नाही. अंगणात जाऊन रंधा हातात धरून फोटो काढला. तो फोटो अजून मोबाईलमध्ये आहे, डिलीट पण करवत नाही अन बघवत पण नाही.

परवा ग्रामपंचायतीत पडताळणीला बोलावलं. तिथं दहा-बारा माणसं बसलेली, त्यातल्या आठ जणांच्या गाड्या माझ्याकडं. कागद वाचणारा कागद बघून हसायला लागला अन सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "का रे मिस्तरी, तू सुतार कवय व्हयना?" म्हणजे कधी झालास. सगळे हसले. मी पण हसलो. दुसरं काय करणार होतो? अर्ज मीच मागं घेतला अन बाहेर आलो तर बाहेर त्याच माणसाची गाडी उभी, तिची क्लच केबल मी मागच्या आठवड्यात बदललेली, पैसे नंतर देतो म्हणालेला.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

आता थोडा हिशोब मांडतो. स्कीम १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १३ हजार कोटी रुपये, पाच वर्षांत ३० लाख कारागीर, हे तुमचेच आकडे. मी मोबाईलवर भागाकार केला, डोक्यामागं त्रेचाळीस हजाराच्या वर येतात. आता ह्यात व्याज किती, ट्रेनिंग किती, जाहिरात किती ते तुम्हाला माहीत, मी बारावी नापास माणूस. पण एवढ्या पैशात एकोणिसावा धंदा बसत नाही? खंडेनवमीला आम्ही पाने-पकडी पेट्रोलनं धुतो, पुसतो, मांडून हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. विश्वकर्मा आमच्याकडून पूजा घेतो अन त्याच्या नावाची स्कीम आम्हाला घेत नाही, हे कसं काय?

अन असं पण नाही की सरकारला आमचा धंदा माहीतच नाही. आयटीआयला टू-थ्री व्हीलर मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड आहे, सरकारीच. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड २०२१ मध्ये सगळ्यांनी काढलं तेव्हा मी पण काढलं. मध्यंतरी आरपीएल नावाचं आलं, म्हणजे तुम्हाला जे येतं त्याचंच सर्टिफिकेट, त्यासाठी पण मला दोन दिवस बसवलं, एक टी-शर्ट दिला, टोपी दिली, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरानं मला प्लग काय असतो ते स्लाईडवर दाखवलं. सर्टिफिकेट लॅमिनेट करून गॅरेजमध्ये लावलंय. बँकेत त्याची झेरॉक्स दिली तर मॅडमनी परत केली. म्हणजे एका टेबलावर मी कुशल कारागीर अन शेजारच्या टेबलावर मी कुणीच नाही.

तुम्हाला वाटेल पंधरा हजारासाठी केवढं रडतोय. सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, म्हणजे कमी धुराच्या नव्या नियमाच्या. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. आधी गाडी बंद पडली की आवाजावरून कळायचं, प्लग काढून त्याचा रंग बघितला की अर्धा रोग समजायचा. आता मीटरवर पिवळा दिवा लागतो अन तो कशासाठी लागला ते स्कॅनरच सांगतो. मला स्कॅनरचा भाव अठ्ठावीस हजार सांगितला, तो पण सगळ्या कंपन्यांना चालत नाही. वायरिंगचा नकाशा कंपनी आम्हाला देत नाही, तो फक्त त्यांच्या सर्व्हिस सेंटरला. त्यासाठी पण तुमच्या सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात गाड्या पण आहेत म्हणे. मी उघडून बघितलं. इंग्रजी वाचता येईल तेवढं वाचलं अन बंद केलं. माझ्यासमोर गाडी उभी असते अन गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं साहेब, पोर्टल काय वाचू?

मग राहतात जुन्या गाड्या. त्यांच्या टाकीत आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात गाडी आठ दिवस उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी अन गंज, जुने रबरी पाईप फुगतात, कार्बोरेटरची निडल चिकटते. मी खोलतो, साफ करतो, दीडशे रुपये घेतो, पंधरा दिवसांनी तोच माणूस परत, "मिस्तरी, परवाच तर खोललं होतं, काय हात मारला तू?" आता त्याला काय सांगू की हात माझा नाही! नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात होतं की जुन्या दुचाक्यांचं मायलेज तीन-चार टक्के घटेल. माझ्या गिऱ्हाईकांना विचाराल तर दहा म्हणतील, दोन्हीच्या मध्ये कुठंतरी असेल. अन मी इथेनॉलच्या विरोधात पण बोलू शकत नाही कारण माझ्या शालकाचा चार एकर मका आहे, मक्याचं पण इथेनॉल होतं, तो म्हणतो भाव मिळायचा तर त्यामुळंच मिळेल. घरात पण भांडण लावून ठेवलंय तुम्ही.

रस्त्याचं तर बोलूच नये. तरसोद ते फागणे हा आमचा हायवे चौपदरी व्हायला एवढी वर्षं लागली की त्या काळात माझ्या पोरीचं बालवाडी ते हायस्कूल झालं. लोक म्हणायचे मिस्तरी तुझी चांदी आहे, खड्डे म्हणजे तुझा धंदा. हो, फोर्कचे ऑइल सील गेले, कोनसेट गेले, रिमा वाकल्या, धंदा झाला. पण साहेब, काही गाड्या अशा यायच्या की त्यांच्यासोबत चालवणारा यायचा नाही, त्याचा भाऊ घेऊन यायचा टेम्पोत टाकून, अन म्हणायचा जेवढी होईल तेवढी सरळ कर, विकायची आहे. सीटवर डाग असायचा, तो मी धुवायचो. त्याची मजुरी मी कधी लावली नाही. चांदी म्हणणाऱ्यांनी एकदा ते धुवून बघावं.

माझे गुडघे गेलेत. बावीस वर्षं उकिडवं बसून, हायड्रॉलिक रॅम्प घ्यायचा होता त्या कर्जातून, गाडी वर उचलली की माणूस उभा राहून काम करतो, एवढंच स्वप्न होतं बघा, मोठं काही नाही. मे महिन्यात पत्र्याखाली पंचेचाळीसच्या वर जातं, पाना हातात धरवत नाही. डाव्या हातावर सायलेन्सरचे डाग आहेत, लग्नात फोटोग्राफर म्हणाला होता बाही खाली करा. डॉक्टर म्हणतो पेट्रोलनं हात धुणं बंद करा. माझ्याकडचा पोऱ्या, चांगला हात होता त्याचा, सुरतेला निघून गेला साड्यांच्या गोडाऊनला, म्हणे तिथं निदान सावली आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, पार्टवरचा पण कमी झाला, चांगलं केलं, जे चांगलं ते चांगलं. शोरूमला दसऱ्याला रांगा होत्या. पण त्या नव्या गाड्या पहिली काही वर्षं वॉरंटीपायी माझ्याकडं येत नाहीत, अन वॉरंटी संपली की त्यात स्कॅनर लागतो, अन स्कॅनर घ्यायला कर्ज लागतं, अन कर्जाला सुतार व्हावं लागतं. फिरून तिथंच.

आता तुम्हाला लागेल असं एक लिहितो. मागच्या निवडणुकीत तुमची मोटरसायकल रॅली निघाली होती ना, त्याच्या आदल्या रात्री तुमच्या कार्यकर्त्यांच्या अकरा गाड्या माझ्याकडं आल्या. रात्री दीडपर्यंत बसलो. तीन क्लच केबल, दोन ट्यूब, चार प्लग, एक चेन-स्पॉकेट, बाकी मजुरी. म्हणाले भाऊंकडून मिळतील. सकाळी तुम्ही त्यातल्याच एका गाडीवर मागं बसून हात हलवत आमच्या फाट्यावरून गेलात, मी हात केला, तुम्ही पण केला. तेव्हा मी कारागीर होतो की नाही? रात्री दीड वाजता कुणी यादी काढून नाही बघितली की हा अठरात येतो का!

सगळ्या पक्षांचं असंच आहे म्हणा. दुसऱ्यांच्या रॅलीचे पण नऊशे बाकी आहेत. कुणी पण या, लोहाराला लोहार म्हणा, सुताराला सुतार म्हणा, म्हणजे बापजाद्याची ओळख विचारा अन त्यावर मतं मोजा, पण माणूस आज सकाळी उठून काय काम करतो हे विचारायला कुणाला सवड नाही. कॉम्प्रेसरवर पंक्चर काढणारा, पंप रिवाइंडिंग करणारा, मोबाईल दुरुस्त करणारा, हे सगळे आमच्या फाट्यावर रोज हात काळे करतात अन तुमच्या रकान्यात एकाला जागा नाही.

मागणं दोनच. यादीत गॅरेजवाला टाका, केंद्राचं असेल तर केंद्राला लिहा, तुमच्या लेटरहेडवर लिहिलेलं तरी वाचतील. अन ते होईपर्यंत मेळाव्यात आमचं नाव घेऊ नका, टाळ्या वाजवून हात दुखतात.

अन ते रॅलीचे. वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडलाय, गाडी नंबर झाकलेत, रक्कम दिसतेय, दोन हजार तीनशे चाळीस. फोन पे चालतं. नाही जमलं तर तो ग्रामपंचायतीतला मघाचा गडी आहे, त्याच्या क्लच केबलचे तेवढे तरी त्याला द्यायला सांगा.

आपला,
एक मिस्तरी
(धंदा: तुमच्या यादीप्रमाणे काहीच नाही)