सावळ्या मुलींना फिके रंग सांगू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या महिला पुरवणीत 'वर्णानुसार रंग निवडा' असा लेख आणि सोबत एक तक्ता आला होता. गोऱ्या वर्णापुढे रंगांची भलीमोठी यादी, गव्हाळ वर्णापुढे त्याहून लहान, आणि सावळ्या वर्णापुढे मोतिया, बदामी, फिका गुलाबी, आकाशी एवढंच. खाली सूचना : सावळ्या मुलींनी राणी, लाल, हळदी आणि काळा टाळावा. त्या तक्त्याचं कात्रण पर्समध्ये घालून एक आई लेकीला घेऊन माझ्या दुकानात आली, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

साताऱ्याच्या खणआळीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. सासऱ्यांनी काढलेलं, आता मी बघते. टू बाय टू, रुबिया ही ब्लाउजची कापडं, अस्तर, फॉल, परकराचं कापड आणि कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे खण. एकट्या हिरव्यात पोपटी, मेंदी, शेवाळी, पिस्ता, बाटली, रामा, मोरपंखी असे गठ्ठे लागलेत. बाईने आणलेली साडी आणि मांडणीतला तागा शेजारी-शेजारी धरून बघणं हे माझं दिवसभराचं काम. त्यातून एक गोष्ट पक्की कळते. ब्लाउज हा चेहऱ्याच्या सगळ्यांत जवळचा कपडा. साडी कितीही भारी असू दे, गळ्याशी जो रंग आहे त्याचीच छाया हनुवटीवर आणि गालावर पडते.

त्या मुलीचा साखरपुडा होता. साडी मोतिया, काठ राणी. ब्लाउज दोन्हीपैकी कुठलाही चालला असता. आईचं म्हणणं मोतियाच हवा, "गडद घातलं की अजून काळी दिसते." मुलगी काही बोलत नव्हती. या वयाच्या मुली दुकानात आईपुढे बोलत नाहीत हे मी रोज बघते, आणि ते मला फार लागतं.

मी तिला उंबऱ्याशी आणलं. आमच्या दुकानात सगळं मॅचिंग शेवटी उंबऱ्यातच होतं, कारण ट्यूबखाली जुळलेले दोन रंग बाहेर उन्हात वेगळे निघतात. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या डायमधून आलेले असले तर एका उजेडात ते सारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात त्यांची फारकत होते. जे कापडाचं तेच चेहऱ्याचं. मुलीच्या अंगात भडक नारिंगी कुर्ता होता, त्यावर आधी पांढरं अस्तर गुंडाळून तो पूर्ण झाकला. केस मागे घेतले. मग हनुवटीखाली मोतिया धरला.

आईला म्हटलं, रंगाकडे बघू नका, डोळ्यांखाली बघा. डोळ्यांखालची सावली गडद झाली होती. ओठांची कड गालात विरघळली होती. नाकाशेजारचे पुटकुळ्यांचे डाग एकेक करून मोजता येत होते, आणि सबंध चेहऱ्यावर राखेसारखी कळा आली होती. मोतिया काढून राणी धरला. डोळ्यांतला पांढरा भाग स्वच्छ झाला, ओठ दिसायला लागले, जबड्याची रेघ दिसली. डाग तिथेच होते, पण नजर आता त्यांच्यावर जात नव्हती, डोळ्यांवर जात होती. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पण गोरी नाही दिसत." मी म्हटलं, गोरी दिसायचंय कशाला? तिचा चेहरा दिसतोय ना? त्यांनी एक मीटर राणी नेला.

माझं एवढंच म्हणणं आहे. रंग शोभतो की नाही हे ठरवताना 'त्यात मी किती उजळ दिसते' हा प्रश्नच चुकीचा. चेहरा ताजा आणि एकसारखा दिसतो का, आणि समोरच्याची नजर आधी कपड्यावर जाते की डोळ्यांवर, हे बघायचं. आपल्या तक्त्याने पहिला प्रश्न धरला आणि सावळ्या मुलींच्या वाट्याला नेमके ते रंग दिले जे त्यांच्यातल्या कितीतरी जणींचा चेहरा मारून टाकतात.

दुसरं असं की 'सावळा' हा एक वर्ण नाहीच. कातडीचा रंग ठरतो तो मेलॅनिनवर, आतून वाहणाऱ्या रक्ताच्या लालीवर आणि थोडा कॅरोटीनच्या पिवळेपणावर. सारख्याच सावळ्या दोन बहिणी माझ्या दुकानात येतात. एकीच्या रंगात तांबूस झाक आहे, तिला हळदी, विटकरी, मेंदी असे रंग लावले की अंगावर तेज येतं. दुसरीच्या रंगात निळसर झाक आहे, तोच हळदी तिला आजारी दाखवतो आणि जांभळा, अंजिरी, राणी तिला खुलवतात. आणखी एक हिरवट झाक असते, आपल्याकडे गव्हाळ म्हणून खपणाऱ्या कितीतरी जणींची. त्यांना बदामी आणि खाकी अगदीच मारतात, डाळिंबी मात्र छान जातो. तक्त्यात या तिघी एका नाहीतर दोन रकान्यांत कोंबलेल्या आहेत.

शेजारचा रंग रंगाला बदलतो हे काही माझं दुकानदारी मत नाही. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या धाग्याला जोर नाही अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं तर डाय चांगला निघाला. दोष शेजारी विणलेल्या रंगांचा होता. त्यावर त्यांनी 1839 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं सांगणं असं की प्रत्येक रंग शेजारच्यावर आपल्या विरुद्ध रंगाची झाक चढवतो. म्हणून हिरव्याशेजारी कातडीतली लाली वाढल्यासारखी वाटते. नवरीच्या हातात हिरवा चुडा किती खुलतो हे आपण बघतोच.

इंटरनेटवर हल्ली मुली हाताच्या शिरा बघून ठरवतात, हिरव्या दिसल्या तर एक गट, निळ्या दिसल्या तर दुसरा. गडद कातडीवर शिरा धड दिसतच नाहीत, मग ती चाचणी करणार कशी? तसंच त्या चार ऋतूंचं. 1980 च्या सुमारास अमेरिकेत ही पद्धत गाजली. केस, डोळे आणि कातडी बघून माणसाला वसंत, ग्रीष्म, शरद किंवा हिवाळा यांत बसवायचं. काळे केस आणि काळे डोळे असलेल्यांची मोठी संख्या त्यात सरळ हिवाळ्यात जाते. आपल्याकडे तर जवळजवळ सगळ्यांचेच केस-डोळे काळे. सातारा जिल्ह्यातल्या सगळ्या बायका एकाच ऋतूत बसवून कुणाचा काय फायदा?

आणि काळा टाळावा, हे कुणी ठरवलं? लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी घेतात, हलव्याचे दागिने घालतात, ते सून गोरी आहे की सावळी हे बघून नव्हे. काळी चंद्रकळा साडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नेसली गेली. हळदी रंगाचंही तसंच, लग्नातली अष्टपुत्री साडी पिवळीच असते, वर्ण कुठलाही असो. ज्यांना सपाट काळा जड जातो त्यांनी गळ्याशी लाल काठ येऊ द्यावा, एवढ्याने काम होतं. खणाचंही तेच. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे धूपछाव येते. नुसता हिरवा न खुलणाऱ्या बाईला हिरव्या-लाल धूपछावाचा खण सुरेख जातो. एखादा रंग मनापासून आवडत असेल तर तो सोडायची गरज नसते. तो चेहऱ्यापासून लांब न्यायचा, परकरात, पदराच्या टोकाला, ओढणीच्या काठात, आणि गळ्याशी खुलणारा रंग ठेवायचा.

हल्ली गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर रंग पसंत करतं. मोबाइलचा कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग स्वतःच बदलतो, वर चेहरा उजळवायची सोय चालूच असते. अशा फोटोवरून ब्लाउजपीस ठरवू नये असं मी प्रत्येकीला सांगते, विक्री गेली तरी. सकाळच्या उजेडात, थेट उन्हात न जाता, बिनमेकअप, आरसा घेऊन पाच मिनिटं उभं राहावं. घरातल्याच ओढण्या एकामागून एक गळ्याशी धराव्यात. पांढरीशुभ्र आणि मोतिया या दोघींपासून सुरुवात केली की आपली झाक कुठल्या बाजूची आहे ते बरंच कळतं.

आपल्या तक्त्यात छापलेल्या चौकोनांवरून मात्र काहीच कळणार नाही. वर्तमानपत्राचा कागद मुळात करडट, तो शाई शोषून घेतो. आपला मोरपंखी माझ्या हातात आला तेव्हा शेवाळी झाला होता.

नवरात्र जवळ आलं आहे. रोजच्या ठरलेल्या रंगात बँकेतल्या, शाळेतल्या, लोकलमधल्या बायकांचे गटागटाने फोटो आपण छापाल. एकाच रंगात दहा-वीस वेगवेगळे चेहरे एका चौकटीत, याहून चांगला धडा कुठला तक्ता देणार? करड्या दिवशी कोण कोमेजते आणि कोण उठून दिसते ते वाचकांना आपोआप कळेल, आणि उठून दिसणाऱ्यांत सावळ्याही असतील. माझी विनंती एवढीच की ते फोटो उजळवून छापू नका, आणि पुढच्या वेळी रंगांवर लेख घ्याल तेव्हा त्यातले गोरा, गव्हाळ, सावळा हे रकाने काढून टाका. त्या लेखासाठी कापडाचे तुकडे लागले तर खणआळीतून मी पाठवीन.

आपली,
एक वाचक व मॅचिंग सेंटर चालवणारी,
खणआळी, सातारा