आई, आबा, मला बसवून ठेवू नका

तीर्थरूप आई, आबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर हे धड बोलणं होत नाही, आई रडायला लागते आणि आबा फोन वहिनीकडे देतात, म्हणून लिहितेय. दोघं मिळून वाचा.

कानबाईच्या सणाला आले तेव्हा रोटांच्या गव्हाची पाटी मी नुसती उचलली तर आई तू हातातून ओढूनच घेतलीस, "तू बठ बाय, काहीच करू नको." सणाचं घर, सगळ्या बायका कामात आणि मी एकटी खाटेवर. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, पोरीला बरं नाही का म्हणून. मला एचआयव्ही आहे हे लोकांना कळू नये म्हणून आपण इतकं जपतो, आणि त्या बसण्यानेच लोक विचारायला लागतात गं.

मला कळतं तुमची भीती. ह्यांचे शेवटचे महिने तुम्ही बघितले, त्यानंतर मी पण भिंत धरून चालायची. पण ते औषध चालू व्हायच्या आधीचं. आता रोज एक गोळी घेते, वायरल लोडच्या रिपोर्टवर टार्गेट नॉट डिटेक्टेड येतं, म्हणजे रक्तात विषाणू तपासणीला सापडतच नाही. एचआयव्ही आहे म्हणून अंग हलवायचं नाही असं कोणताच डॉक्टर सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) २०२० मध्ये व्यायामाबद्दल जे सांगितलंय त्यात एचआयव्ही असलेल्यांचा वेगळा उल्लेख आहे, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं भराभर चालण्यासारखी हालचाल, आणि दोन दिवस तरी ताकदीची कामं. ते आमच्यासाठी जास्तच गरजेचं, कारण आमच्यात हार्टचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो, टेनोफोविर या एचआयव्हीच्या औषधाने हाडं थोडी विरळ होतात, आणि डोल्युटेग्राविर हे दुसरं औषध चालू झाल्यावर बऱ्याच जणांचं वजन वाढतं, माझं पण वाढलंय.

मग चालणं का होत नाही विचाराल तर खरं सांगू, दरवेळी कारण अंगातलं नसतं. जुन्या स्टॅव्हुडीनच्या गोळीने पायाला मुंग्या आणि आग व्हायची ती अजून थोडी आहे, म्हणून बंद बूट घालते आणि रात्री तळवे बघते, जखम झाली तर कळत नाही. पण त्याहून जास्त अडवतं ते मन. कधी कधी उठावंसंच वाटत नाही, वाटतं कशासाठी चालायचं. गालफडं बसलीत म्हणून चारचौघात जायला नको वाटतं. जळगावचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, मे महिन्यात नऊ वाजता रस्त्यावर पाय ठेववत नाही, मग पहाटे निघावं तर एकटी बाई कुठे चालली हे बघणारे डोळे असतातच. जिमला जावं तर पैसे, आणि कोणाला समजलं तर मशीनला हात लावू देतील का ही धास्ती, घामाने एचआयव्ही पसरत नाही हे मला माहिती आहे, त्यांना कोण सांगणार.

यातून मला बाहेर काढलं ते एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, भेटलेल्या एका ताईने. आता आम्ही दोघी सकाळी मेहरूण तलावाला जातो, तिला पण सगळं माहिती, मला पण, त्यामुळे दमलं तर बसायला लाज नाही वाटत. सोबत कोणी असलं की पाय आपोआप निघतात. कौन्सिलर मॅडम पण दरवेळी गोळ्यांसोबत चालण्याचं विचारतात, त्याने फार बळ येतं.

तुमच्याकडून पण मला तेच हवंय. काळजी करू नका असं म्हणतच नाही मी, करा, पण बस म्हणायच्या ऐवजी चल म्हणा. ताप असला किंवा छातीत काही वाटलं तर मी स्वतःच थांबेन आणि डॉक्टरांना विचारेन, तेवढा विश्वास ठेवा.

दिवाळीला येईन तेव्हा कापूस वेचायला मी येणार, आबा, आताच सांगून ठेवते. आणि आई, गुडघे दुखतात म्हणून तू पण घरात बसून राहतेस ते चालायचं नाही, संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत आपण दोघी जाऊ. आबांची बीपीची गोळी संपत आली असेल, दादाला आणायला सांग.

तुमची,
ताई