मिस्त्रीकाका, काचेवर ठेवून पाहा

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, म्हणून हे चारचौघांत लिहितो, नात वाचून दाखवील. नाव टाकायचं नाही असं बजावलं होतं, ते पाळलं आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या कारखान्यातून ज्यांनी लाकडी बैल नेलेत, त्यांना नाव लागणारही नाही.

परवा तान्हा पोळा झाला, तुमच्याशिवायचा पहिलाच. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली ही रीत सुरू केली असं सांगतात. त्याच दिवशी मारबतीही, म्हणजे रोगराई-इडापिडा घालवायचे मोठे पुतळे, निघतात, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. म्हणजे गिऱ्हाईक सगळं आधीच्या आठ दिवसांत. ते आठ दिवस आम्ही नऊ जणांनी तुमच्याशिवाय काढले. उधारीत दोन बैल अडकलेत, बाकी ठीक.

माझा पहिला दिवस तुम्हाला आठवत नसेल. बारावी झालो होतो, प्रमाणपत्रावर ६० टक्के अपंगत्व, डावा हात जन्मापासून आखडलेला. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ केले, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा ठेवल्या, हे सगळं मला तोंडपाठ होतं. फॉर्म भरून भरून पाठ झालं होतं. एका दुकानात कामाला विचारलं तर मालकानं दहाची नोट पुढे केली. त्यानंतर मी तुमच्याकडे आलो, तोही आईनं ढकललं म्हणून.

तुम्ही मला कानस दिली आणि बैलाची पाठ घासायला सांगितलं. एका हातानं कानस चालवली की बैल पळे. तिसऱ्यांदा तो खाली पडला तेव्हा मी म्हटलं, काका, माझ्यानं नाही होत. तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. टेबलाकडे पाहत राहिलात. मग म्हणालात, "सर्टिफिकेट तुले काहून देलं बे? या टेबलाले द्यायले पाह्यजे होतं."

दोन दिवसांनी फर्मा तयार. बैलाच्या पोटाच्या आकाराची खाच, आतून सायकलची जुनी ट्यूब चिकटवलेली, बाजूला एक फळी आणि तिला ब्रेकची वायर. खाली पट्टी उजव्या पायानं दाबली की फळी बैलाला आवळते, पाय उचलला की स्प्रिंगनं सुटते. बाजारातला शिकंजा फिरवायला एक हात आणि बैल धरायला दुसरा लागतो, ही साधी गोष्ट तोवर कोणाच्या ध्यानात आली नव्हती. माझ्याही नाही.

चाकं लावणाऱ्या आपल्या भाऊला आकडे कळत नाहीत. त्याला मोजायला शिकवा म्हणून सगळे तुमच्या मागे होते. तुम्ही एका फळीला चार खुंट्या ठोकल्या. चारही खुंट्यांवर चाक चढलं की एका बैलाचा हिशोब पुरा. आजपर्यंत तीन चाकांचा बैल आपल्याकडून गेलेला नाही.

पण लाड तुम्ही कोणाचे केले नाहीत. ती काच! तयार बैल खिडकीच्या जुन्या काचेवर ठेवायचा आणि पाठीवर बोटानं टिचकी मारायची. टकटक वाजलं की एक पाय अधांतरी. चाकं त्यानंतर. माझे पहिले अकरा बैल तुम्ही परत केले, त्यांची मजुरी कापली. मी घरी जाऊन तुम्हाला शिव्या घातल्या, हे आज कबूल करतो. बारावा वाजला नाही. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, आणि मग चंद्रसाचा, म्हणजे चकाकीच्या रोगणाचा, हात. तो विकला गेला तेव्हा आईला लुगडं घेतलं नाही की काही नाही, मी सरळ जाऊन तर्री-पोहे खाल्ले.

बडकस चौकाजवळच्या स्टॉलवर "दिव्यांगांनी बनवलेले" असा फलक लावायचा आग्रह झाला होता. तुम्ही तो टेबलाखाली सरकवला. कोणी विचारलं तर सांगू, आधी बैल तर पाहू दे. तरी एका बाईंना कळलंच. त्यांनी "बिचारे" म्हणत पैसे ठेवले आणि बैल न घेताच निघाल्या. तुम्ही, दुखऱ्या गुडघ्याचे, गर्दीतून त्यांच्या मागे धावलात. "बाई, बैल ऱ्हायला ना तुमचा!" परत येताना हात रिकामे होते. मला वाटतं, आम्ही तुमच्याकडून धंदा शिकलो तो त्या मिनिटात.

हे तुम्हाला कुठून सुचतं, असं एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ऐन तरुणपणी वरोऱ्याला आनंदवनात दारं बसवायला गेलो होतो, तिथं बोटं झडलेली माणसं मागावर बसलेली पाहिली. बाबा आमट्यांनी १९४९ साली ते उभं केलं, एवढंच मला पुस्तकातून ठाऊक. तुम्ही पुढं काही बोलला नाहीत, चहा मागवलात.

आता इकडचं. पोळ्यानंतर काम थंडावतं तेव्हा पोळपाट-लाटणी आणि देव्हारे चालू आहेत. नवीन आलेल्या मुलीला ऐकू येत नाही. काचेचा आवाज तिला कसा कळणार, हा प्रश्न पडला. आठवडाभर डोकं खाजवलं आणि काचेखाली एक पातळ पत्रा ठेवला. बैल डगमगला की पत्रा थरथरतो, तिच्या तळहाताला कळतं. हे तुम्हाला दाखवायचं होतं.

तुमचे आभार मानतो. तोंडावर मानले असते तर तुम्ही झाडू हातात दिला असता.

सोबत धाकट्या नातवासाठी एक बैल पाठवला आहे. काचेवर ठेवून पाहा. आणि काका, आपली अर्धगोल कानस सापडत नाही. जाताना तुमच्या पिशवीत गेली असावी. बैल आणणाऱ्याच्याच हाती परत पाठवा, शिंगं अडली आहेत.

तुमचा,
फर्म्यावरचा