दोन लाखांचा सामोआ आणि आमच्या मैदानातले खिळे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

२०३० ची कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला मिळाल्यापासून आमच्या कट्ट्यावर सारखा एकच विषय, आपल्या सांगलीत असलं काही कधी होणार का. आणि कोणीतरी लगेच म्हणतंच, अरे सांगली केवढी, त्याला मोठं शहर लागतं, पैसा लागतो. त्यावर थोडं लिहायचंय, जमलं तर छापा.

२०२२ ला बर्मिंगहॅमला आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगमध्ये ५५ किलोत सिल्व्हर आणलं ते सगळ्यांना माहितीये. वडिलांची पानटपरी, कोपराला लागलेलं, तरी गडी परत उभा राहिला. त्याचे २४८ किलो आणि मलेशियावाल्याचे २४९, एका किलोने गोल्ड गेलं, त्या दिवशी आमच्याकडे ताटं वाढलेली तशीच गार झाली. त्या नादात मी वेटलिफ्टिंगचे पुढचे सगळे दिवस टीव्हीसमोर काढले. ९६ किलोत आपला विकास ठाकूर ३४६ वर राहिला आणि गोल्ड घेतलं डॉन ओपेलोगेने, ३८१ किलो! म्हणलं हा कुठला बाबा, बघितलं तर सामोआचा, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या एका बेटांच्या देशाचा. त्याची बहीण एले ओपेलोगे २०१० ला आपल्या दिल्लीतनंच गोल्ड घेऊन गेलेली, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला ती चौथी आली होती पण पुढच्या दोघी डोपिंगमध्ये सापडल्या म्हणून आठ वर्षांनी तिला सिल्व्हर मिळालं, सामोआचं ऑलिम्पिकमधलं पहिलं मेडल ते.

आता हा सामोआ केवढा, तर सगळ्या देशात मिळून दोनेक लाख माणसं. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतच २०११ च्या जनगणनेत पाच लाख होती. आणि या एवढ्याशा देशाने पॅसिफिक गेम्स तीनदा भरवल्यात, १९८३, २००७ आणि २०१९ ला. पॅसिफिक गेम्स म्हणजे तिकडच्या बेटांची एशियाड समजा, चार वर्षांनी असते.

२०१९ ची गंमत तर अशी की ती स्पर्धा मुळात टोंगाला, तिकडच्याच दुसऱ्या बेटांच्या देशाला मिळालेली. २०१७ ला टोंगा सरकारने सांगून टाकलं, आम्हाला खर्च झेपत नाही. (यात लाजायचं काय, झेपत नाही ते झेपत नाही, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियासारख्या श्रीमंत राज्याने पण नंतर २०२६ च्या कॉमनवेल्थला नाहीच म्हणलं की.) मग सामोआने हात वर केला आणि दोन वर्षांच्या आत सगळं उभं केलं. कसं केलं, तर २००७ ची मैदानं, चीनच्या मदतीने तेव्हा बांधलेला स्विमिंग पूल, जे होतं तेच झाडून पुसून दुरुस्त करून वापरलं. बाहेरच्यांची मदत झालीच, पण बारा वर्षं जुनं संकुल जागेवर होतं म्हणून तर दुरुस्त करता आलं ना. जुलै २०१९ मध्ये आपियाला, म्हणजे सामोआच्या राजधानीत, चोवीस देश-प्रदेशांचे खेळाडू आले. आपल्याला हे कळायचं कारणच नव्हतं म्हणा, २० जुलैला त्यांची स्पर्धा संपली आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत महापुरात इथल्या कृष्णेच्या आयर्विन पुलाला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, आम्ही माळ्यावरचं सामान आणखी वर कुठं ठेवायचं ते बघत होतो.

सगळीच बेटं शहाणी असतात असं पण नाही. २०२३ ला सॉलोमन आयलंड्स या तिकडच्याच देशाने आपल्या राजधानीत, होनियाराला हीच स्पर्धा घेतली, चीनने दहा हजार सीटचं नवंकोरं स्टेडियम बांधून दिलं, आणि निवडणूक आणि गेम्स एकाच वर्षी परवडत नाही म्हणून निवडणूकच पुढच्या वर्षावर ढकलली. खेळासाठी इलेक्शन पुढे! आपल्याकडे बरोबर उलटं, सभेसाठी खेळ पुढे.

तर माझं रडगाणं तिथंच आहे. आमच्या भागात एक मैदान आहे, नाव लिहीत नाही, उगीच कोणा एकावर यायला नको. तिथं माझी भाची पहाटे पळायला जाते. वर्षातनं किती दिवस ते मैदान असतं? कधी फर्निचरचं प्रदर्शन, कधी आनंदमेळा, कधी सभा, कधी कोणाच्या घरचं लग्न. मंडप उतरवला की खांबांचे खड्डे तसेच आणि मातीत खिळे. पोरांनी एक आयडिया केलीय, भंगारातल्या स्पीकरचा गोल लोहचुंबक सुतळीला बांधलाय आणि पळायच्या आधी दोघं जण तो ट्रॅकवरनं फरफटत नेतात. एका फेरीत चहाचा कप भरेल एवढे खिळे निघतात, मी स्वतः बघितलंय. एवढं करून पण मागच्या महिन्यात एक खिळा भाचीच्या बुटाच्या तळातनं आत गेलाच. धनुर्वाताचं इंजेक्शन, पंधरा दिवस घरी, आणि तालुक्याची स्पर्धा हुकली ती हुकलीच. तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, भाड्याचं उत्पन्न येतं हो, त्यातनंच मैदानाची देखभाल होते. कसली देखभाल ते मी विचारलं नाही, विचारायला पाहिजे होतं.

मला सांगलीत पॅसिफिक गेम्स नकोत, दहा हजार सीटचं स्टेडियम पण नको. मंडपवाल्याकडनं डिपॉझिट घ्या, आणि खड्डे बुजवून, खिळे वेचून, मैदान पोरांना दाखवल्याशिवाय ते परत देऊ नका, एवढंच म्हणणं आहे. त्यांच्याकडे लोहचुंबक नसेल तर आमचा घेऊन जा म्हणावं. काल संध्याकाळी परत बांबूचा ट्रक आलाय.

आपला,
एक नेहमीचा वाचक, विश्रामबाग, सांगली