टायपिंगवाल्या बाईंच्या लेकीस

पुणे, रविवार सकाळ

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून घरून लेखकांची टायपिंगची, प्रुफांची कामं घेणार, असं परवा फोनवर तू सांगत होतीस आणि मी नुसतं 'बरं, बरं' करत होते, कारण कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. नंतर बाबांनी विचारलं, "म्हणजे नोकरी सोडून ती नेमकं करणार काय?" म्हटलं, मी करायचे तेच. फक्त मला तेव्हा कुणी फ्रीलान्सर म्हणत नव्हतं, टायपिंगवाल्या बाई म्हणायचे.

तुझ्या जन्माआधीचं सांगते. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या, मराठी टाइपरायटर, प्रत्येक पानाखाली दोन कार्बन. एक लेखक पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं लिहून आणायचे. गोड माणूस, कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. त्यांची एक कादंबरी मी चार वेळा टाइप केली आणि पैसे घेतले एका वेळचे. दर वेळी "वहिनी, एवढं शेवटचं." मला मागायची लाज, त्यांना द्यायचं सुचायचं नाही. बाकरवडीवर घरभाडं भागत नाही गं. तेव्हा पानाचा दर, दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा केल्या तर त्याचे वेगळे, आणि निम्मे पैसे आधी, हे सगळं पहिल्याच मेलमध्ये लिही. चहा पिताना ठरलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पण चूक काही त्यांचीच नव्हती. त्या कादंबरीत एक म्हातारी शेजारणीला विचारते, "इस्टू हाय का गं चुलीत?" आणि मी हुशार! मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मला पाठ होते, 1962 चे 14 आणि 1972 चे 4. मी केलं, "विस्तव आहे का गं चुलीत?" प्रुफंही मीच वाचली, त्यामुळे ते तसंच छापून आलं. पुस्तक द्यायला आले तेव्हा त्यांनी ते पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "वहिनी, म्हातारी पुण्याची झाली की हो." कान अजून गरम होतात माझे.

तुझ्या वर्डमध्ये केलेला प्रत्येक बदल दाखवणारं ट्रॅक चेंजेस आहे, समासात शंका लिहायची सोय आहे. ती वापर. शब्द कितीही चुकीचा वाटला तरी आधी विचार. लेखकाचं फेसबुक पान सांभाळायला मिळालं तरी तेच. पोस्ट टाक, पण वाचकांना लेखकाच्या नावानं परस्पर उत्तरं देऊ नकोस.

काम मिळेल. निवृत्त झालेले प्राध्यापक, डॉक्टर, बँकवाले, पुण्यात आत्मचरित्र लिहीत नाही असा माणूस शोधावा लागतो. कुणी श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टातली फाइल देईल. ती आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये घेतलीस की ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, म्हणून हे काम 'नुसतं कन्व्हर्ट' म्हणून स्वस्तात घेऊ नकोस. कविता उद्धृत केली असेल तर कवीला जाऊन 60 वर्षं झाली का बघ, नसतील तर परवानगीचं पत्र. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-नंबर, सरकारकडून फुकट मिळतो, तेव्हा पैसे तुझ्या वेळेचे घे, नंबरचे नको. पुस्तकाच्या शेवटी कुठलं नाव कुठल्या पानावर ते सांगणारी सूची करायला शीक. मराठी पुस्तकांना ती क्वचितच असते, नि ती नसली की माझी चिडचिड होते.

दिवाळी अंकांमुळे पावसाळ्यात मान वर करायला फुरसत नसेल, आणि दिवाळी झाली की शुकशुकाट. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. बाबांचा निरोप: प्रकाशकानं तुझ्या पैशांतून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापला तर ते पैसे गेले समजू नये, रिटर्न भरावं.

माळ्यावरचा टाइपरायटर बाबा भंगारात काढत होते, मी काढू दिला नाही. खिडकीजवळचं टेबल मात्र तुझ्यासाठी रिकामं केलंय. त्यावरच्या लोणच्याच्या बरण्या कुठे हलवायच्या ते तू आल्यावर बघू.

तुझी,
आई