चिठ्ठीच कापलीत की हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत डच चित्रकार रेम्ब्रांवरचा लेख वाचला, लेख छानच होता पण सोबतचं बायबलातल्या बथशेबाचं नग्न चित्र तुम्ही खांद्याखाली कापून नुसता चेहरा ठेवलात. घरात लहान मुलं पेपर बघतात म्हणून केलं असणार, कळतं मला. पण त्या नादात तिच्या हातातली चिठ्ठी पण गेली ना! आता तो चेहरा बघून कुणालाही वाटेल बाईची दाढ दुखतेय.

चिठ्ठी दावीद राजाची. त्याने गच्चीवरून तिला आंघोळ करताना बघितलं आणि बोलावणं धाडलं, नवरा उरीया तिकडे लढाईवर, आणि राजाला नाही म्हणायची सोय नाही. बायबलात तो नुसती माणसं पाठवतो, चिठ्ठी चित्रकारांनी आणली. इथे ती वाचून झालीय, हात तसाच मांडीवर पडलाय, म्हातारी दासी खाली बसून तिचा पाय पुसतेय, वर बघत पण नाही. म्हणजे जायची तयारी सुरू. दावीद मात्र चित्रात कुठेच नाही, बघणारे आपणच, मला तर तिथे उभं राहायला कसंतरीच झालं.

लेकीकडे गेले होते तेव्हा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बघितलं हे. मोनालिसापुढे ही झुंबड आणि इथे मोजून चार माणसं. जवळजवळ खऱ्या बाईएवढी आहे ती, पोट, जाड मांड्या सगळं जसंच्या तसं, संगमरवरी देवीबिवी नाही. चित्र १६५४ चं. मॉडेल म्हणून हेन्ड्रिक्ये बसली असं मानतात, ती लग्नाशिवाय रेम्ब्रांसोबत राहते म्हणून त्याच वर्षी चर्चने तिला जाब विचारायला बोलावलं होतं, तेव्हा ती गरोदर होती. बोलावणं तिलाही आलंच की.

व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोने भिंतीवर काढलेल्या नागड्या संतांवर पण नंतर कापडं रंगवली होती, ज्याने रंगवली त्या बिचाऱ्या दानिएलेचं नाव कायमचं चड्डीवाला पडलं. पण त्यानेसुद्धा मुंडकी तेवढी ठेवून बाकी भिंत पाडली नव्हती हो.

येत्या रविवारी आतल्या पानावर छापा, छोटं का होईना पण चिठ्ठीसकट. माझा नातू सात वर्षांचा आहे, त्या दिवशी सोबत होता. त्याने एवढंच विचारलं, आजी, ती रडणारे का?

आपली,
एक जुनी वाचक, सांगली