फट भरण्यापूर्वी ती हलणारी आहे का, ते पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत लाकडी होड्या बांधण्याविषयी आलेल्या लेखात, फट कोणतीही असली तरी ती इपॉक्सीने (दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेने) भरावी, असा सरसकट सल्ला दिला आहे. नवख्याने तो तंतोतंत पाळला, तर चांगली बांधलेली होडी खराब होण्याची शक्यता आहे, म्हणून हे लिहीत आहे.

लाकूड ओल धरते तेव्हा ते लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते. १५० मिलिमीटर रुंदीची फळी अवघी १ टक्का फुगली, तरी तिची रुंदी दीड मिलिमीटरने वाढते. कडेला कड भिडवून जडवलेल्या फळ्यांच्या होडीत ही वाढ सांध्यातच सामावावी लागते. म्हणूनच तेथे कापसाची वात ठोकून बसवतात आणि वरून अळशीच्या तेलातली पुट्टी भरतात, कारण दोन्ही गोष्टी दाबाला वाव देतात. त्या जागी कडक इपॉक्सी असेल, तर फुगणाऱ्या फळ्यांच्या कडा चिरडतात, खिळ्यांवर ताण येतो आणि प्रसंगी फळ्यांना आतून आधार देणारी बरगडीही तडकते. होडी किनाऱ्यावर सुकली की इपॉक्सीला लागूनच नवी फट पडते.

वात ठोकण्याचे काम दिसते तेवढे सोपे नाही. सांधा आतल्या बाजूला मिटलेला आणि बाहेर किंचित रुंद असावा लागतो. ठोके फार जोराचे पडले तर कापूस सांध्यातून आरपार होडीच्या आत निघतो, हलके पडले तर पाणी झिरपते. पुट्टीपूर्वी कडांना प्रायमर लावला नाही, तर कोरडे लाकूड तिच्यातले तेल शोषून घेते आणि पुट्टी भुरभुरीत होते. सुक्या होडीत पुट्टी पृष्ठभागाच्या जराशी खालीच ठेवावी, कारण फळ्या फुगल्यावर ती बाहेर ढकलली जाते. (पूर्वी या पुट्टीत शेंदूर घालत, तो शिशाचा असल्याने विषारी, हे विसरू नये.)

प्लायवूडच्या होडीत गोष्ट वेगळी. तिचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ती फारशी फुगत नाही आणि तेथे इपॉक्सीच योग्य. मात्र त्यात कोणती भुकटी मिसळायची, हेही लेखात यायला हवे होते. कोपऱ्यातील जोडाला बळ द्यायचे असेल तर लाकडाचा बारीक भुसा किंवा सिलिका घालून मिश्रण इतके घट्ट करावे की उभ्या भिंतीवर लावले तरी ओघळणार नाही. पोकळ सूक्ष्म गोलकांची भुकटी हलकी असते आणि पॉलिशपेपरने सहज घासली जाते, पण ती केवळ पृष्ठभाग सपाट करण्यासाठी वापरावी. जोडाचा भार तिच्यावर टाकू नये.

सागवानी डेकच्या सांध्यांसाठी पॉलिसल्फाइडसारखा लवचिक भराव बरा. खोबणीच्या तळाशी तो चिकटू नये म्हणून तेथे पट्टी लावतात, म्हणजे तो दोन्ही कडांनाच धरून मोकळेपणाने ताणला जातो. सिलिकॉन मात्र रंगवायच्या लाकडापासून दूरच ठेवावे, कारण त्यावर रंग धरत नाही आणि खरवडून काढले तरी उरलेला अंश पुढच्या भरावालाही चिकटू देत नाही.

लेखाच्या पुढील भागात बांधणीच्या प्रकारानुसार भराव सांगावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक